फिलाडेल्फियात एका विणकराला भेटून आलो

भाचीकडे फिलाडेल्फियाला दहा दिवस होतो. लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेसमोरची रांग बघून परत फिरलो आणि तिला म्हटलं, मला ओल्ड स्वीड्स चर्चला सोड. "मामा, तिथे काय आहे?" म्हटलं, अलेक्झांडर विल्सन आहे, पक्षीवाला.

हा स्कॉटलंडमधल्या पेझ्लीचा, धंद्याने विणकर. मी इचलकरंजीचा, त्यामुळे माग म्हटलं की माझे कान टवकारतात. गिरणीमालकावर कविता केली म्हणून याला जेल झाली, वर ती कविता चारचौघांत स्वतःच्या हाताने जाळायला लावली. १७९४ मध्ये जहाजाच्या डेकवर झोपून अमेरिकेला आला, डेलावेअरमधल्या न्यूकॅसलला उतरून चालत फिलाडेल्फियाकडे निघाला आणि वाटेत लाल डोक्याचा सुतारपक्षी दिसला तो गोळी घालून पाडला. तेव्हा पक्षी बघणं म्हणजे बंदूकच.

पुढे शाळामास्तर झाला, शेजारच्या विल्यम बार्ट्रम या निसर्ग अभ्यासकाने पक्ष्यांचा नाद लावला.

पण मला आवडतो तो नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा किस्सा, १८०९ चा. हस्तिदंती चोचीचा सुतारपक्षी जखमी होऊन हाती लागला, तो लहान पोरासारखा रडायला लागला. तसाच झाकून घोड्यावरून गावात आणला, रस्त्यावरच्या बायका घाबरून दारं-खिडक्यांत, आणि हा खानावळीत विचारतो, मला आणि माझ्या बाळाला खोली मिळेल का! तासाभराने येऊन बघतो तर खिडकीजवळची भिंत फोडलेली, पलंगभर गिलावा. मग पाय टेबलाला बांधला, तर महॉगनीच्या टेबलाचा भुगा. चित्र काढताना विल्सनलाही चोचीचे वार बसले. खाणं मात्र त्याने शिवलं नाही, तिसऱ्या दिवशी मेला. विल्सनला वाईट वाटलं म्हणे, पण गोळी त्यानेच घातली होती ना. आज ती जात उरलीय की नाही यावरच वाद आहे.

त्याचं पक्ष्यांचं पुस्तक ९ खंडांचं, सेटची किंमत १२० डॉलर, गिऱ्हाइकं हा स्वतः गावोगाव फिरून गाठायचा. रंग भरणारे सोडून गेले तर तेही काम अंगावर घेतलं. शेवटचे खंड छापून यायच्या आधीच १८१३ मध्ये हगवणीने गेला, वय ४७.

कबरीपाशी उभा राहिलो तर मागे हायवेची नुसती घरघर. गवतात एक रॉबिन गांडूळ ओढत होता, मोबाईल काढेपर्यंत उडाला, आणि तेवढ्यात भाचीचा फोन, पार्किंगची वेळ संपली, मामा.