तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

पहिला प्रश्न असतो, "गाडी भाड्याने का नाही घेतलीस?" मग थोडं थांबून, आवाज खाली आणून दुसरा, "आणि भीती नाही वाटली?" वहिनीने विचारलं, स्टाफरूममध्ये विचारलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही विचारलं. पंचेचाळिशीची एकटी बाई दक्षिण फ्रान्समधल्या लार्झाकच्या पठारावर बारा दिवस लिफ्ट मागत हिंडते, हे कुणाच्या पचनी पडत नाही. दर वेळी मी काहीतरी सांगून विषय बदलते. आज नाही बदलत.

गाडी मला चालवता येते. भाडंही परवडलं असतं. शाळेच्या वेळा सोडल्या तर तिथे बस मिळणं मुश्कील, हे कारण मी पुढे करायचे. ते खोटं नाही, पण ते खरं कारणही नाही. खरं कारण मला पहिल्याच दिवशी ला काव्हालरी गावाबाहेर मिळालं. साठी उलटलेल्या एका मेंढ्यावाल्या शेतकऱ्याने गाडी थांबवली. कुठल्या तुम्ही, असं त्याने विचारलं. भारतातली, वर्ध्याची, म्हटलं; तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "शांतिदासचं वर्धा?"

मी वर्ध्यात वाढले आणि मला हे नाव माहीत नव्हतं. लांझा देल व्हास्तो नावाचा इटलीत जन्मलेला माणूस १९३७ साली वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेला, 'शांतिदास' हे नाव त्याला गांधीजींनीच दिलं, हे मला एका फ्रेंच मेंढपाळाने सांगितलं. सरकारला पठारावरचा लष्करी तळ ३,००० हेक्टरवरून १७,००० हेक्टरवर न्यायचा होता. मार्च १९७२ मध्ये हा शांतिदास ला काव्हालरीत १५ दिवस उपोषणाला बसला. शेतकरी आळीपाळीने त्याच्याजवळ येऊन बसत. त्याच महिन्यात १०३ शेतकऱ्यांनी जमीन विकणार नाही अशी शपथ घेतली. ऑक्टोबरात आयफेल टॉवरखाली मेंढ्या नेऊन सोडल्या. लढा १९८१ पर्यंत चालला, मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि तळ वाढवायची योजना रद्द झाली.

त्या मेंढपाळाने गाडी आपली वाट सोडून ला ब्लाकिएर नावाच्या वाडीला नेली. तिथे दगडी मेंढवाडा आहे, १९७३ साली परवानगीशिवाय बांधायला घेतलेला. लष्कराला विरोध म्हणून कराचे ३ टक्के सरकारला न देता लोकांनी ते पैसे इथे दिले. हा तेव्हा वीस वर्षांचा होता, दगड वाहायला होता. भिंतीच्या एका कोपऱ्यावर तळहात टेकवून म्हणाला, "टेम्पलरांचे किल्ले बघाच. पण हेही बघा." टेम्पलर म्हणजे मध्ययुगातले ख्रिस्ती धर्मयोद्धे. भाड्याच्या गाडीतून मी सरळ किल्ल्याला गेले असते.

किल्ला बघितलाच. ला कूव्हेर्तोआराद हे तटबंदीचं गाव. किल्ला टेम्पलरांचा, १२ व्या शतकातला; भोवतीचा तट हॉस्पिटॅलर्स या तसल्याच दुसऱ्या पंथाचा, १५ व्या शतकातला. मी मात्र रमले ते तटाबाहेरच्या लाव्होन्यजवळ, म्हणजे मेंढ्यांच्या पाणवठ्याजवळ. चुनखडीच्या त्या पठारावर पाणी ठरतच नाही, सगळं खाली झिरपतं. म्हणून पावसाचं पाणी धरायला जमिनीत परातीसारखा उतरता खळगा करून तो दगडांनी फरसबंद केलेला असतो. मेंढ्या चालत पाण्यापर्यंत उतरतात, खुरांनी दगड गुळगुळीत झालेत. गावातल्या दारांवर वाळलेलं काटेरी फूल खिळ्याने ठोकलेलं असतं, सूर्यासारखं थोराड, त्याचं नाव कार्दाबेल. हवेत ओल आली की ते मिटतं, म्हणजे पाऊस येणार. हे मला दुसऱ्या एका गाडीतल्या आजींनी सांगितलं. त्यांच्या दारावरचं फूल त्यांच्या सासूच्या वेळचं.

आता भीतीचं.

आठवा दिवस, ऑक्टोबर. नां गावी मुक्काम होता, म्हणून ला कूव्हेर्तोआरादच्या बाहेर पाच वाजता उभी राहिले. साडेसहा झाले. नऊ गाड्या गेल्या, मी मोजल्या. एकीने वेग कमी केला, चालवणाऱ्याने माझा चेहरा बघितला आणि गाडी पळवली. ती नजर मला कळली. काळी-सावळी बाई, खांद्याला पिशवी, कोण जाणे कोण. घशाशी आलं होतं.

मग एक पांढरी व्हॅन थांबली, टपावर शिडी बांधलेली. आत एकटा माणूस, माझ्या भावाच्या वयाचा, बोटांवर सिमेंट वाळलेलं. उच्चारांवरून मोरोक्को-अल्जीरियाकडचा वाटला. "नां? मी तिकडूनच जातोय." मी म्हटलं, "नको, माझी मैत्रीण येतेय घ्यायला." मैत्रीण नव्हतीच. त्याने मागच्या रिकाम्या रस्त्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "बरोबर आहे, मॅडम," म्हणाला. वाकून सीटखालून पिवळं चमकणारं जाकीट काढलं, तिथे ते प्रत्येक गाडीत ठेवावंच लागतं, आणि खिडकीतून माझ्यापुढे धरलं. "अंधार पडतोय. हे घाला, म्हणजे दिसाल." मी घेतलं. आभार मानले की नाही, आठवत नाही. व्हॅन गेली. दहा मिनिटांनी एक गोरं निवृत्त जोडपं थांबलं आणि मी ते जाकीट घालून, क्षणभरही विचार न करता त्यांच्या गाडीत बसले.

त्या रात्री वहीत लिहिलंय, "सावध राहिले, बरं झालं." वही लिहिणाऱ्या त्या बाईशी मी अजून भांडते. ती म्हणते, अंधार पडत होता, तू एकटी होतीस, पुरुष अनोळखी होता. मी तिला विचारते, त्याआधीच्या सात दिवसांत तू एकट्या पुरुषांच्या पाच गाड्यांत बसलीस, ते कोण होते? सगळे गोरे. ती म्हणते, ते भर दुपारी. यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण तेही खरंच आहे. मैत्रिणी म्हणतात, अगं, बाईने आधी स्वतःला जपावं, बाकी सगळं नंतर. त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण नऊ गाड्यांनी मला जे केलं, तेच मी त्याला केलं, आणि त्याला ते कळलं. कळूनही त्याने जाकीट दिलं.

तेव्हा हो, भीती वाटली. त्या एकाच दिवशी वाटली, आणि ज्याची वाटली त्याने माझी काळजी केली. तुम्ही हे ऐकून म्हणाल, म्हणजे धोका नव्हताच. तसं मी म्हणत नाहीये. तो चांगला निघाला हे मला नंतर कळलं, काच खाली असताना नाही.

माझी भाची जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्याच माँपेलियेला शिकायला चालली आहे. तिने मेसेज केलाय, "आत्या, मी पण लार्झाकला लिफ्टने फिरू ना?" आठवडा झाला. दोनदा 'फिर की' लिहून पुसलं, एकदा 'अजिबात नाही' लिहून पुसलं. जाकीट मात्र कपाटातून काढून धुतलं आणि तिच्या सामानात ठेवलं.