देव बदलत नाही, मग तो जग हलवतो कसा?

ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गात, अंत्यविधीनंतर, कधी हिंदू मित्रांकडूनही हा प्रश्न येतो : ‘तुमचा देव कधीच बदलत नाही म्हणता. मग तो बदल घडवतो कसा, आणि प्रार्थना ऐकतो तरी कसा?’ तुम्ही विचारलंत म्हणून नीट मांडतो.

‘बदलत नाही’ म्हटलं की डोळ्यांसमोर दगड येतो. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण दगड भरपूर बदलतो. तो तापतो, झिजतो, फुटतो.

मध्ययुगातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी देवाकडे नेणारे पाच मार्ग मांडले. त्यांतला पहिला बदलापासून निघतो. त्यांचं उदाहरण आग आणि लाकडाचं आहे. आपण पातेल्यातलं पाणी घेऊ. पाणी प्रत्यक्षात गार आहे, पण तापण्याची शक्यता त्याच्या अंगी आहे. ती शक्यता प्रत्यक्षात उतरणं म्हणजे बदल. जी उष्णता पाण्यापाशी नाहीच, ती ते स्वतःला देणार कुठून? त्याला ज्योत लागते. म्हणजे जे बदलतं, ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं मात्र इथे कुणी म्हटलेलं नाही. तसं म्हटलं असतं, तर ‘मग देवाला कुणी केलं?’ या प्रश्नापुढे निरुत्तर व्हावं लागलं असतं. विधान फक्त बदलणाऱ्या गोष्टींबद्दल आहे.

पुढची चूक साखळीची. बहुतेक जण काळात मागे जातात : मुलगा, बाप, आजा, पणजा, थेट विश्वाच्या आरंभापर्यंत. थॉमस त्या वाटेला जातच नाहीत. जगाला आरंभ होता हे श्रद्धेने कळतं, निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असं ते स्वच्छ लिहितात. आजोबा वारले तरी नातवाला मूल होतं; ती साखळी मागे कितीही लांबली तरी त्यांची हरकत नाही. त्यांना हवी आहे ती आत्ताची, या क्षणाची साखळी. पिठाच्या गिरणीत दगड फिरतो पुलीमुळे, पुली पट्ट्यामुळे, पट्टा मोटरमुळे. मध्ये हजार पुल्या बसवा. मोटर नसेल तर एक दाणा दळला जाणार नाही, कारण एकाही पुलीचं फिरणं तिचं स्वतःचं नाही. ते उसनं आहे. सगळेच उसनवारीवर असतील, तर उसनं द्यायला आहे कुणाकडे?

हे उदाहरण दोन ठिकाणी तोकडं पडतं. मोटरलाही वीज लागते, हे एक. दुसरं अधिक महत्त्वाचं : बटण बंद केल्यावरही दगड थोडा वेळ फिरत राहतो, आणि एकसारखी गती टिकायला ढकलणारा लागत नाही हे न्यूटननी १६८७ मध्ये मांडलं. म्हणून हा युक्तिवाद ढकलण्यावर कधीच उभा करू नये. शक्यता प्रत्यक्षात उतरण्यावर उभा करावा. तिथे तो टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

आता मूळ प्रश्न. या साखळीच्या मुळाशी असलेल्याकडे, म्हणजे ज्याला आपण देव म्हणतो त्याच्याकडे, प्रत्यक्षात उतरायची राहिलेली शक्यता असेल, तर ती उतरवायला आणखी कुणीतरी लागेल. मग तो मूळ नव्हेच. म्हणून त्याच्यात काहीच व्हायचं राहिलेलं नाही. न बदलणं म्हणजे ही भरलेपणाची स्थिती. कॅथलिक चर्चच्या दोन धर्मपरिषदांनी, १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आणि १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, देवाला अपरिवर्तनीय म्हटलं, ते या अर्थाने वाचावं. मी स्वतः ‘निर्विकार’ हा शब्द टाळतो. मराठीत त्याने कोरा चेहरा दिसतो, आणि इथे सांगायचंय त्याच्या नेमकं उलट.

‘पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात मोशेने विनवल्यावर देवाने शिक्षेचा बेत सोडला, त्याचं काय?’ थॉमस इथे एक बारीक भेद करतात : इच्छा बदलणं वेगळं, आणि बदलाची इच्छा करणं वेगळं. डॉक्टर पाच दिवस गोळ्या लिहून देतात आणि सहाव्या दिवशी बंद करायला सांगतात. सहाव्या दिवशी गोळी थांबली, डॉक्टरांचं मत बदललं नाही. थांबणं पहिल्याच दिवशीच्या चिठ्ठीत होतं.

प्रार्थनेचंही तसंच. देवाचा बेत फिरवण्यासाठी आपण प्रार्थना करत नाही. प्रार्थनेतूनच मिळावं असं जे त्याने योजलं आहे, ते मिळावं म्हणून करतो. पेरणीने देवाचं मन बदलत नाही, तरी पेरल्याशिवाय उगवत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली विनवणीही त्या योजनेत अशीच धरलेली आहे, पेरणीइतकीच खरी.