मिरजेइतक्या लांबची राजधानी

१८ जानेवारी

व्हिसा झाला. पासपोर्ट देवासमोर ठेवले आणि रात्री मागचं आवरून झाल्यावर मनातली गोष्ट ह्यांना सांगितली. लेकीकडे व्हिएन्नाला तीन आठवडे राहणार आहोत, त्यातला एक दिवस आपण दोघांनीच ब्रातिस्लाव्हाला जाऊन यायचं. लेक-जावई कामावर असतील, त्यांना सुट्टी काढायला लावायची नाही. सकाळी निघायचं, रात्री जेवायला घरी.

"दुसऱ्या देशात? एका दिवसात?" हे म्हणाले.

मी नकाशा पुढे केला. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया, दोन देशांच्या दोन राजधान्या, मध्ये फक्त साठेक किलोमीटर. रेल्वेनं एक तास. आपण कोल्हापूरहून पॅसेंजरनं मिरजेला जातो, तेवढंच. १९१४ साली या दोन गावांच्या दरम्यान विजेवरची ट्राम सुरू झाली होती म्हणे. तेव्हा दोन्हीकडे एकाच सम्राटाचं राज्य होतं. पुढे देश वेगळे झाले, मग पलीकडे कम्युनिस्टांचं राज्य आणि सीमेवर तारेचं कुंपण आलं, १९८९ला तेही गेलं.

मला वाटत होतं, वेगळा व्हिसा काढावा लागेल. पण स्लोव्हाकिया २००७च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे ऑस्ट्रियाच्या व्हिसावरच जाता येतं. पैसेही बदलायला नकोत, तिथं २००९पासून युरो चालतो. पासपोर्ट मात्र जवळ हवा. गाडीत कधी तपासणी होते.

२१ जानेवारी

लेकीचा फोन. "आई, एखादी टूर बुक करून देते ना, बस दारातून नेईल." मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल, पण काठमांडूच्या सहलीची आठवण अजून गेलेली नाही. भक्तपूरला त्या लाकडी मोराच्या खिडकीसमोर उभी होते. मोराच्या पिसाऱ्याची एकेक काडी कोरलेली. पिसाऱ्याच्या टोकापर्यंत नजर पोचायच्या आत शिट्टी वाजली, चला, बसमध्ये चला. पुढे एका दुकानात पाऊण तास थांबवलं, आणि खिडकीला मिळाली होती दहा मिनिटं. आयुष्यभर शाळेच्या घंटेवर चालले. एक दिवस घंटेशिवायचा हवा.

२६ जानेवारी

आज एक महत्त्वाची गोष्ट कळली, ती वहीत लाल पेनानं लिहून ठेवली. व्हिएन्नाहून गाड्या दोन मार्गांनी जातात. एक मार्ग मुख्य स्थानकात पोचतो, दुसरा पेत्रझाल्का नावाच्या स्थानकात, आणि ते डॅन्यूब नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. जाताना एका स्थानकात उतरलो आणि येताना दुसरीकडून गाडी धरायची वेळ आली तर फजिती. म्हणून पाटीवरचे शब्द देवनागरीत उतरवून घेतले: ह्लाव्ना स्तानित्सा, म्हणजे मुख्य स्थानक. चहा पिताना दोघंही मोठ्यानं म्हणून बघत होतो.

नदीतून वेगवान बोटही जाते, सव्वा तासात. हे बोटीवर खूश होते. पण तिकीट रेल्वेपेक्षा बरंच महाग, आणि वेळेला बांधलेली. गाडी चुकली तर मागून दुसरी येते. रेल्वेच.

१ फेब्रुवारी

काय बघायचं यापेक्षा काय सोडायचं, हेच अवघड. यादी दोन पानं झाली होती, आज कात्री लावली.

सेंट मार्टिनचं चर्च ठेवलं. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं, त्या राजांचे राज्याभिषेक १५६३ ते १८३० तिथं झाले. राणी मारिया थेरेसालाही १७४१ साली तिथंच मुकुट घातला. चर्चच्या शिखरावर टोकाला क्रूस नाही, सोनेरी मुकुटच आहे. ते निळं चर्च ठेवलं, भिंती, कौलं सगळं निळं. गावातला चौकोनी किल्ला खालूनच बघायचा. ह्यांचे गुडघे दोन चढ काढणार नाहीत आणि एक चढ मला डेवीनसाठी राखून ठेवायचा आहे.

डेवीन शहराबाहेर आहे, बसनं जायचं. पडका किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी मोराव्हा येऊन डॅन्यूबला मिळते. पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा. कुंपणाच्या दिवसांत या काठावरून पळून जाताना माणसं मारली गेली, त्यांचं स्मारक खाली नदीकाठी आहे. एवढ्याशा पाण्यासाठी माणसानं जीव द्यावा लागावा, हे वाचल्यापासून ती जागा डोक्यातून जात नाही.

आणि संगम म्हटलं की मला आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आठवतात. १८७०मध्ये इंग्लंड पाहून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले, अवघे वीस वर्षांचे. तिथल्या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आजही त्या जागी छत्री उभी आहे. त्या प्रवासात महाराज रोजनिशी लिहीत होते. फ्लॉरेन्स आमच्या वाटेवर नाही. पण युरोपातल्या एखाद्या संगमावर उभं राहून कोल्हापुरातल्या माणसानं त्यांची आठवण काढावी, असं फार वाटतं.

संध्याकाळी सगळं पक्कं करून लिहिलं. सकाळी गाडी, अकरापर्यंत चर्च, मग जुन्या गावातून मायकेलच्या वेशीपर्यंत पायी. दोन ते पाच डेवीन. त्यापुढे ओळ रिकामी.

ह्यांनी चष्मा लावून वाचलं. "तीन तास तिथं काय करायचं?"

"प्रयाग चिखलीला संगमावर जातो तेव्हा काय करतो?"

ह्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रिकाम्या ओळीत लिहिलं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बसायला सतरंजी.