विस्कॉन्सिनमधला हरणांचा सीझन: मचाण, दबकी चाल की हाका?

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो आणि नऊ दिवस चालतो. आदल्या संध्याकाळी मॅडिसनहून पश्चिमेला निघालात, तर पेट्रोल पंपावर आणि हॉटेलात जिकडेतिकडे भडक नारिंगी टोप्या दिसतात. माझा मावसभाऊ मॅडिसनला असतो. त्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांची किकापू नदीच्या खोऱ्यात शेती आहे, तिथे आम्ही उतरलो होतो. हिमयुगातल्या हिमनद्या या भागाला शिवल्याच नाहीत, त्यामुळे बाकी मिडवेस्टसारखं सपाट काही नाही. उभ्या टेकड्या, माथ्यावर ओकची राई आणि खाली मक्याची कापलेली शेतं.

शिकार म्हटलं की आपल्या भुवया उंचावतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली परिस्थिती निराळी आहे. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणं दहा लाखांच्या वर आहेत आणि शेतीच्या पट्ट्यात त्यांना मारणारं मोठं जनावर फारसं उरलेलं नाही. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या कराचे पैसे राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातात. ज्यांना तरीही पटत नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

आधी कागदपत्रं, कारण आपल्या लोकांचं गाडं तिथेच अडतं. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा टूरिस्ट व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याने दिलेलं वैध शिकार लायसन्स. म्हणून लायसन्स खिशात पडेपर्यंत मित्राची बंदूक ‘जरा बघू’ म्हणूनही हातात घेऊ नका, आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर वकिलाला एक फोन कराच. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स लागतो. तो झालेला नसेल तर अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करता येते. भावाने तोच मार्ग धरला. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला लायसन्स स्थानिकांच्या कितीतरी पट महाग पडतं, हे शिकागोवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आता पद्धती. तिथले बहुतेक जण मचाणावर बसतात. झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी आणि वर जेमतेम दोघांपुरती बैठक. काळोखात जाऊन बसायचं आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून वाट बघायची. बंदूक डागायची मुभा तेव्हाच सुरू होते. हे ऐकायला सोपं वाटतं, पण थंडी आधी पायाच्या बोटांत शिरते. त्यावर उपाय दोन. चढताना घाम येऊ द्यायचा नाही, म्हणजे जाड जॅकेट पाठीवर बांधून न्यायचं आणि वर पोहोचल्यावर घालायचं. आणि बुटात गरम पट्ट्या ठेवायच्या, पण बूट एवढे घट्ट नकोत की बोटं हलणार नाहीत. मचाणावरून पडून जायबंदी होणारे बरेच असतात, म्हणून कंबरेचा पट्टा नव्हे, पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि तो जमिनीवर असतानाच झाडाला जोडायचा. बंदूक खांद्यावर टाकून चढू नका. रिकामी करून दोरीने वर ओढा.

मचाण कुठे बांधायचं हे वाऱ्यावर ठरतं, कारण आपला वास हरणापर्यंत जाता कामा नये. आजोबांनी (मित्राच्या सासऱ्यांना आम्ही तेच म्हणायला लागलो) पावडरची छोटी बाटली दाबून वारा कुठे जातो ते दाखवलं. उजाडल्यावर ऊन लागलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. म्हणून सकाळी उंचावर, संध्याकाळी त्या मानाने खाली. हरणाच्या नाकापुढे महागडा कॅमोफ्लाज कपडा काही कामाचा नाही. तसाही बंदुकीच्या सीझनमध्ये कमरेच्या वरचा निम्मा तरी पोशाख नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी असावाच लागतो. टोपी घातली तर तीही.

भावाला हरिणी मिळाली ती मचाणावरूनच. ती मक्याच्या कडेने आली, थांबली, मान वर केली आणि पुढचा एक खूर जमिनीवर आपटला. संशय आला की हरणं असंच करतात. आजोबा इतकंच पुटपुटले, की तिच्यामागे काय आहे ते बघ. मागे टेकडीची माती होती. हरिणी आडवी वळेपर्यंत भाऊ थांबला आणि मगच चाप ओढला. बंदूक बैठकीच्या कठड्यावर टेकलेली, हरिणी उभी, नेम धरायला पुरेसा वेळ. मचाणाचा खरा फायदा हाच.

मला स्वतःला आवडली ती दबकी चाल. वाऱ्याकडे तोंड करून दोन-तीन पावलं टाकायची आणि मग झाडाच्या आडोशाला मिनिटभर नुसतं उभं राहायचं. पूर्ण हरीण शोधू नका. खोडांच्या उभ्या रेषांत एखादी आडवी रेघ, कानाची हालचाल, काळं नाक, एवढंच दिसतं. माळरानावर ससे उठवत हिंडलेल्या माणसाला ही चाल छळ वाटेल. ओकची वाळली पानं कुरकुरतात, म्हणून पाऊस पडून गेल्यावर किंवा ताज्या भुसभुशीत बर्फात हे जमतं. कोरड्या थंडीत नाद सोडा. मला शेपट्याच दिसल्या, पांढऱ्या आणि लांब जाणाऱ्या. संध्याकाळी भाऊ म्हणाला, “दादा, तू शिकारीला आलायस की मॉर्निंग वॉकला?” असेना. त्या टेकडीवर हरणं कुठे बसतात आणि कुठून उतरतात, ते मला चालूनच कळलं.

सीझनच्या शेवटी शेवटी जंगल चिडीचूप होतं आणि मग गावकरी हाका काढतात. दोन-तीन जण खिंडीच्या तोंडाशी उभे, बाकीचे वाऱ्याला पाठ देऊन राईतून चालत येतात. माणसाचा वासच हरणांना पुढे ढकलतो, आरडाओरडा फारसा लागत नाही. हुशार हरीण मात्र हाकेकऱ्यांच्या मधून मागे सटकतं. मजा यात सगळ्यात जास्त, गप्पाही जास्त. पण समोर येतं ते पळतं हरीण, आणि पळत्यावर नवख्याने बार टाकला की ते जखमी होऊन निसटण्याची भीती असते. त्यात झाडीत आपलीच माणसं. नवीन असाल तर हाकेकरी व्हा, बंदूक गाडीत ठेवा. उभे राहणारच असाल तर आपली जागा सगळ्यांना दाखवा, हाका संपेपर्यंत तिथून हलू नका, आणि हरीण उभ्या माणसांची रेषा ओलांडून मागे जाईपर्यंत बंदूक खालीच. हे आधी बोलून ठरवत नाहीत त्या टोळीत जाऊ नका, मग यजमान कितीही प्रेमळ असोत.

धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्यापासूनच असतो. हवा सुखद, पण हरीण वीस-तीस यार्डांत यायला हवं आणि त्यासाठी महिनोन्‌महिने सराव हवा. पाहुणा म्हणून गेलेल्याने त्या फंदात पडू नये. कुत्रे लावून हरीण हाकणं दक्षिणेतल्या काही राज्यांत चालतं, इथे नाही.

बार झाल्यावर धावत जाऊ नका. हरीण समोर पडलेलं दिसत नसेल तर किमान अर्धा तास थांबा, नाहीतर जखमी जनावर उठून दूर जातं. आतडी जागच्या जागी काढायची, म्हणजे मांस लवकर थंड होतं. त्याला लागतो छोटा धारदार सुरा. मोठ्या सुऱ्याचं टोक पोटात घुसून घाण होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हरणाची ऑनलाइन नोंदणी करायची.

एक गोष्ट टाळू नका. २००२ साली या राज्यातल्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडला आणि नैर्ऋत्येकडचा हा भाग त्याचं केंद्र आहे. हरीण दिसायला धडधाकट असतं, पण रोग असू शकतो. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित मांस खाऊ नये असाच सरकारी सल्ला आहे. ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात. थोड्या मानेसकट मुंडकं पिशवीत घालून, फॉर्म भरून त्यात टाकायचं. तपासणी फुकट. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, नावाच्या चिठ्ठीसकट, आणि दुसऱ्याच्या हरणात मिसळलेलं नको. खाटकाकडे देताना हे आधीच विचारा. याच रोगामुळे बऱ्याच काउंटींत आमिष टाकायला बंदी आहे आणि हरणाचं धड इकडून तिकडे नेण्यावरही बंधनं आहेत, तेव्हा शिकागोला नेताना हाडं काढूनच न्या. मांस विकता येत नाही, दान मात्र करता येतं.

भावाचा निकाल निर्दोष आला. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका. मग तेल नेहमीपेक्षा थोडं सढळ घ्या. खिमा काळ्या मसाल्यात उत्तम होतो. मागच्या मांडीचे तुकडे मात्र मटणासारखे शिजवलेत तर वातड होतात, त्यांना मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. मसाला घरून न्या, त्या गावांत मिळणार नाही.