तुम्ही विचारलंत म्हणून: निकाल कुठल्या शाळेचा चांगला?

दर मे-जूनला हा प्रश्न येतोच. सोसायटीचा वॉचमन विचारतो, भाचीची मैत्रीण विचारते, आणि यंदा आमच्याकडे पोळ्या करायला येते तिनं विचारलं, "ताई, तुम्ही इतकी वर्षं दहावीला गणित शिकवलंत, मग सांगा ना, पोरीला आठवीला कुठं घालू? मनपाच्या की अनुदानित? निकाल कुठला चांगला?" मी दरवेळी "बघून सांगते" म्हणून सटकते. शिष्टपणा नाही हो तो. एकदा लिहूनच टाकते म्हणजे सुटले.

निकाल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास. बसवले किती, हे त्यात नसतं. शिवाय एखाद्या शाळेत दहावीला २५ पोरं असतात, त्यातलं एक नापास झालं की गेले चार टक्के, आणि २०० पोरांच्या शाळेत आठ जण आपटले तरी तेवढेच जातात, पण पेपरात दोन्ही शाळा एकाच तक्त्यात एकाखाली एक. राज्याचंच बघा ना. २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार? २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून घेतले होते, पुढच्या वर्षी परत दिले. मुख्य गोष्ट एवढीच. आणि खुद्द पुणे महापालिकेच्या दहावीच्या बक्षीस योजनेत सर्वसाधारण पोराला ८० टक्के लागतात, पालिकेच्या शाळेतल्या पोराला ७० चालतात. म्हणजे सगळ्यांचे मार्क एका तराजूत घालायचे नसतात हे पालिकेलाही कळतं, फक्त आपल्याला शाळा निवडताना कळत नाही.

हे सगळं मी गेली काही वर्षं तावातावाने सांगत आलेय. जे सांगत नाही ते आता सांगते.

जून २०१९. आमची शाळा कुठली ते सांगणार नाही, मनपाची की अनुदानित तेही नाही. निकाल दणकून आपटला होता. आढावा बैठकीत स्क्रीनवर आमच्या शाळेची ओळ लाल रंगात होती म्हणे, मुख्याध्यापक सर तिथून आले ते पाणीसुद्धा न पिता मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, नववीतून आलेल्यांमध्ये गणितात जाणारी कोण कोण आहेत त्यांची यादी द्या. मी दिली. आठ नावं. दहा मिनिटांत दिली, कारण मला पाठच होती. त्या आठांच्या पालकांना बोलावून सांगायचं होतं की पोराला रेग्युलर झेपणार नाही, दाखला घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. बाहेरून बसलं की तो शाळेच्या निकालात धरला जात नाही.

त्यातला एक मुलगा पहाटे वडिलांबरोबर मार्केट यार्डात जायचा, पाट्या उतरवायचा आणि माझ्या पहिल्या तासाला झोपायचा. बीजगणितात शून्य, पण भागीदारीची तोंडी गणितं वर्गात सगळ्यात आधी त्याची सुटायची. त्याची आई आली. भांडेल असं वाटलं होतं, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, पण तुम्ही त्याला नववीत पास केलं ना?" मी म्हटलं, हो, पण दहावीचं वेगळं असतं. त्याच्या भल्याचंच आहे असंही म्हटलं. क्लार्क रजेवर होता आणि माझं अक्षर बरं, म्हणून दाखला मीच लिहिला. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. आईनं सही केली, दाखला चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि जाताना मला थँक्यू म्हणाली.

पुढे काही महिन्यांतच ते २० मार्क परत आले. मार्च २०२० ला भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्दच झाला, सरासरीने मार्क दिले. आमच्या शाळेचा निकाल १०० टक्के. ३९ पैकी ३९. लॉकडाऊन असल्यामुळे पेढे नाहीत, ग्रुपवर सरांनी पोस्टर टाकलं, त्याखाली मीही टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की त्या मुलानं १७ नंबर भरलाच नव्हता. २०२१ ला तर लेखी परीक्षाच नाही, निकाल ९९.९५ टक्के. शाळेत नुसता नाव राखून असता तरी तरला असता.

आता यावर तेव्हाची मी म्हणते, तुला काय माहीत होतं मार्क परत येतील म्हणून? आणि नापासाचा शिक्का घेऊन घरी बसला असता ते बरं झालं असतं का? शिवाय शाळेचं नाव गेलं की पुढच्या वर्षी पोरंच येत नाहीत, तुकडी तुटते, शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही त्यांना शिकवायला कोण उरतं? हे खोटं नाहीये. आजही मला याचं उत्तर देता येत नाही. फक्त एवढं आहे की यादी मागितली तेव्हा मी एकदाही "का" विचारलं नाही, आणि माझा स्वतःचा मुलगा मात्र मी पेठेतल्या शाळेत घातला होता, तिथला निकाल बघूनच.

तर पोळीवालीला मी म्हटलं, शाळेत जा आणि विचार, नववीला किती होते आणि त्यातले दहावीला किती बसले. ती गेली. ऑफिसात म्हणाले, तुम्हाला कशाला पाहिजे, ॲडमिशन घ्यायचीय की चौकशी करायचीय? परत येऊन कणीक मळत म्हणाली, "जाऊ द्या ताई, तुम्ही आपला निकालच सांगा."

मी फोन काढला, शोधून सांगितला.