ना मुलाकडचे, ना मुलीकडचे

परक्या देशाचा विजय ऐन मांडवात बसून बघायला मिळणं हा मोठा चमत्कारिक योग असतो. लग्नघरी आपण आहोत, आमंत्रण आहे, पंगतीत आग्रहही चाललाय, पण आपण ना मुलाकडचे, ना मुलीकडचे. पाठवणीच्या वेळी सगळे डोळे पुसायला लागले की आपण काय करायचं? हातातली जिलबी तशीच धरून उभं राहायचं, की हळूच संपवून टाकायची? २०१० च्या उन्हाळ्यात स्पेनने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा मी स्पॅनिश शिकायला सालामांकाला होते आणि साधारण अशीच उभी होते.

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांचा जन्मही व्हायचा होता तेव्हाचं. गावाबाहेरच्या व्हियामायोरच्या खाणीतला दगड इथल्या सगळ्या जुन्या इमारतींना लागलाय आणि संध्याकाळी उन्हं उतरली की तो मधाच्या रंगाचा होतो. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात एका कवटीवर एक बेडूक बसलाय. तो कुणी न दाखवता ज्याला सापडेल तो परीक्षेत पास, अशी समजूत. त्यामुळे भर दुपारी, चाळीस डिग्रीत, माना वर करून उभी असलेली जगभरची पोरं तिथे कायम दिसतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं क्रियापदं घोकून आलेल्या मला हे फार ओळखीचं वाटलं. परीक्षेआधी देव आठवणं काही आपल्याकडेच नाही.

मी राहायचे एका कुटुंबात. सेन्योरा, बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान आणि तिशीचा मुलगा. मुलगा वास्तुरचनाकार. २००८ मध्ये स्पेनमधला बांधकामाचा फुगा फुटला, त्याचं ऑफिस बंद पडलं आणि तो पुन्हा आईवडिलांकडे, शाळकरी वयाच्या खोलीत राहायला आला होता. मला दिलेली खोली त्याच्या लग्न झालेल्या बहिणीची. त्या उन्हाळ्यात देशात दर पाचातला एक काम करू बघणारा माणूस बेकार होता. मे महिन्यात सापातेरो सरकारने सरकारी नोकरांचे पगार पाच टक्क्यांनी कापले होते. परदेशी विद्यार्थी ठेवणं ही सेन्योरांची हौस नव्हती, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळलं. पण त्यांच्या वागण्यात ते कधी दिसलं नाही. बटाट्याचं आम्लेट ताटलीवर उलटं पाडून पुन्हा तव्यात सारताना त्या मला मुद्दाम बोलावून घ्यायच्या.

फुटबॉलचा इतिहास मला यजमानांनी शिकवला, दुपारच्या जेवणावर, म्हणजे तीन वाजता. तो सगळा पराभवांचा इतिहास होता. स्पेनची विश्वचषकातली सर्वांत मोठी मजल १९५० सालची, चौथा नंबर. त्यानंतर उपांत्यपूर्व फेरी ही भिंत. १९९४ साली इटलीच्या तासोत्तीने कोपर मारून लुईस एन्रिकेचं नाक फोडलं, सगळ्या जगाने रक्त बघितलं, फक्त पंचाला दिसलं नाही. २००२ साली कोरियाविरुद्ध दोन गोल नाकारले. हे सांगताना ते शेजारी ठेवलेल्या पिशवीतून पिपास खायचे, म्हणजे सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. बी दोन दातांमध्ये उभी धरायची, कट् असा आवाज, जिभेने दाणा आत, टरफल बाहेर. सगळं एका हाताने आणि नजर टीव्हीवरून जराही न हलवता. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही; माझ्या तोंडात दाण्याबरोबर अर्धं टरफल जायचंच.

१६ जूनला पहिलाच सामना स्वित्झर्लंडशी झाला आणि स्पेन एक-शून्य हरलं. दोन वर्षांपूर्वीचे युरोपचे विजेते! यजमानांनी पिशवीचं तोंड पीळ देऊन बंद केलं आणि शांतपणे आडवे झाले. मला वाटलं, आता घरात सुतक. पण तसं काही नाही, उलट त्यांचा चेहरा काहीसा समाधानी होता. आपलं म्हणणं खरं ठरण्यातही एक सुख असतंच.

मग आला झेंड्याचा प्रश्न. हा मला पुस्तकात कुणी शिकवला नव्हता. आपल्याकडे मॅच असो, पंधरा ऑगस्ट असो, तिरंगा कुठेही, कशावरही. गालावरसुद्धा. स्पेनमध्ये लाल-पिवळा झेंडा बाल्कनीत लावणं ही इतकी सरळ गोष्ट नव्हती. हुकूमशहा फ्रँकोची राजवट १९७५ पर्यंत, जवळजवळ चार दशकं चालली आणि एवढ्या काळात तो झेंडा त्या राजवटीच्या इतका अंगाला लागला, की पुढेही कुणी घरावर लावला तर शेजारी त्याचं राजकारण ओळखायचे. ज्या यादवी युद्धातून ती राजवट आली, त्यात हरलेल्या बाजूचं सेन्योरांचं माहेर. त्यामुळे मुलाने जेव्हा कोपऱ्यावरच्या चिनी दुकानातून तीन युरोंचा झेंडा आणला, तेव्हा स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

तोडगा निघाला तो अस्सल गृहिणीचा. झेंडा लावायचा, पण रस्त्याच्या बाजूला नाही. आतल्या चौकात, जिथे सगळ्या मजल्यांचे कपडे वाळतात तिथे. म्हणून स्पेनचा राष्ट्रध्वज होंडुरासविरुद्धचा विजय, चिलीविरुद्धचा विजय आणि पोर्तुगालविरुद्धचा विजय यजमानांचे मोजे आणि माझा पंजाबी ड्रेस यांच्या मधोमध, चिमट्यांना लटकून साजरा करत होता. पॅराग्वेविरुद्ध विल्याचा गोल दोन्ही खांबांना थडकत आत गेला, उपांत्यपूर्वची भिंत पडली. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध पुयोलने हेडर मारला त्या रात्री मी झोपायला जाताना पाहिलं, तर दोरीवर झेंडा नव्हता. सकाळी तो पुढच्या बाल्कनीत, जिरेनियमच्या कुंड्यांवर होता. कुणी हलवला हे मुलाने विचारलं. सेन्योरा म्हणाल्या, “कपडे वाळत घालायला जागा पुरत नव्हती.”

झेंड्याचं असं, तर राष्ट्रगीताचं आणखी वेगळंच. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत. २००८ च्या जानेवारीत स्पर्धा घेऊन निवडलेले शब्द जाहीर झाले, पण इतका गदारोळ उठला, की काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. त्यामुळे सामन्याआधी खेळाडू ओठ मिटून उभे राहतात आणि प्रेक्षक नुसतंच “लो लो लो लो” म्हणतात. ही सोय माझ्यासारखीला पर्वणीच होती. व्याकरण नाही, उच्चार नाही, चुकायची भीती नाही. आख्ख्या स्पेनमध्ये मी जर काही एखाद्या मूळच्या माणसाइतकं अचूक म्हणू शकत असेन तर ते त्यांचं राष्ट्रगीत.

सालामांकाला या सगळ्यात एक जादा मान होता, कारण संघाचे प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के हे याच गावचे. भरघोस मिशा, दोन खांदे किंचित पडलेले, गोल झाला तरी उडी नाही की आरोळी नाही. पोस्टातून मनिऑर्डर आली तर जेवढा आनंद चेहऱ्यावर दाखवावा तेवढाच. स्वित्झर्लंडकडून हरल्यावर माद्रिदचे पंडित त्यांची संघरचना बदला म्हणून ओरडत होते आणि सालामांकाची माणसं बारमध्ये एकमेकांना सांगत होती, की आपला माणूस ऐकणार नाही. त्यांनी ऐकलं नाहीच. पुढे सातही सामने मिळून स्पेनने अवघे आठ गोल केले, बाद फेरीचे चारही सामने एक-शून्यने जिंकले. मिशीवाल्याच्या हिशेबात काटकसर चोख होती.

एका बारच्या फळ्यावर त्या आठवड्यात खडूने लिहिलेलं होतं : “आज ऑक्टोपस मिळणार नाही.” सामन्यांचे निकाल आधीच वर्तवणाऱ्या, जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने स्पेनच्या बाजूने कौल दिला होता. ऑक्टोपस उकडून, ऑलिव्ह तेल आणि लाल तिखट टाकून मिटक्या मारत खाणारा हा देश अचानक त्या प्राण्याविषयी कृतज्ञ झाला. गालिसियातल्या कारबायिन्यो गावाने तर त्याला आपल्या जत्रेला नेण्यासाठी पैसे गोळा केले. ती जत्रा ऑक्टोपस खाण्याचीच असते, हा भाग वेगळा.

अंतिम सामना ११ जुलैला, रविवारी होता. आदल्याच दिवशी बार्सिलोनात प्रचंड मोर्चा निघाला होता : बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियाच्या स्वायत्ततेच्या कायद्याला घटनापीठाने कात्री लावली म्हणून. शनिवारी टीव्हीवर “आम्ही वेगळं राष्ट्र आहोत” म्हणणारी गर्दी आणि रविवारी त्याच टीव्हीवर स्पेनचा संघ, ज्याच्या सुरुवातीच्या अकरांत पाच जण कातालान. मी यजमानांना विचारलं, हे कसं? त्यांनी बी फोडली. “मुली,” म्हणाले, “आम्हालाही नव्वद मिनिटांपुरतंच जमतं.”

त्या रात्री मात्र एकशेवीस मिनिटं जमवावं लागलं. घराखालच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कागदी नॅपकिन, ऑलिव्हच्या बिया, कोळंबीची डोकी, सगळं फरशीवर. तिथे बारची फरशी जितकी घाण तितका बार चांगला. हॉलंडच्या डी योंगने शाबी अलोन्सोच्या छातीत सरळ लाथ घातली तेव्हा सेन्योरांच्या तोंडून असे शब्द निघाले, की वर्गात विचारायची सोय नव्हती. उत्तरार्धात हॉलंडचा रॉबेन एकटा आपल्या गोलरक्षकाच्या, कासियासच्या समोर आला. बारमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कासियास चुकीच्या बाजूला पडत होता आणि तरी मागे राहिलेल्या पायाला चेंडू लागून बाहेर गेला. यजमानांच्या पुढ्यातला टरफलांचा ढीग जादा वेळ सुरू झाल्यापासून वाढायचा थांबला होता. हात पिशवीत तसाच.

आणि मग ते विचित्र दोन सेकंद. शेजारच्या बारचा टीव्ही आमच्यापेक्षा थोडा पुढे चालत असे. फाब्रेगासच्या पायात चेंडू आला, आणि भिंतीपलीकडून आरोळी फुटली. आमच्या पडद्यावर अजून काहीच झालं नव्हतं. इनिएस्ताकडे पास जातोय, चेंडू एक टप्पा उसळून खाली येतोय, आणि बारमधल्या प्रत्येकाला माहीत आहे की हा आत जाणार. साठ वर्षं वाट बघितलेली गोष्ट आता घडणार हे आधीच कळलंय आणि तरी ती घडेपर्यंत कुणाचा श्वास सुटत नाही. ११६ वं मिनिट. इनिएस्ताने शर्ट काढला. आत गंजीवर, आदल्या वर्षी अचानक गेलेल्या दानी हार्के या खेळाडूचं नाव लिहिलेलं होतं.

मी किंचाळले, कुणाच्या तरी गळ्यात पडले, कुणाची तरी बिअर माझ्या केसांत होती. आनंद खरा होता, अगदी निर्भेळ. आणि मग यजमान दिसले. ते उठलेच नव्हते. खुर्चीत बसून दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून रडत होते. मुलगा पाठीवर हात ठेवून उभा. लुईस एन्रिकेचं नाक, कोरियाचा पंच, १९५० सालचा रेडिओ, सगळं त्या रडण्यात होतं, आणि मला तर ते सगळं तीन आठवड्यांपूर्वी जेवणाबरोबर कळलेलं. म्हणजे इथल्या आनंदात मला वाटा मिळाला होता, पण थकबाकी माझ्या नावावर नव्हती. मला रडू येईना. मी आपली लो लो लो करत राहिले.

नंतर सगळं गाव प्लासा मायोरमध्ये. एरवी “घड्याळाखाली भेटू” म्हणून सालामांकाची माणसं इथे भेटतात. त्या रात्री घड्याळाखाली कुणाला कुणीही भेटत होतं. चौकाच्या कमानींवर राजेरजवाड्यांचे दगडी चेहरे आहेत आणि त्यांत तेव्हा फ्रँकोचाही होता (तो २०१७ मध्ये काढला). त्याच्या बरोबर खाली सेन्योरा उभ्या होत्या, खांद्यावर तीन युरोंचा झेंडा. त्यांनी एकदा वर बघितलं आणि त्या जे म्हणाल्या तेही वर्गात विचारता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही काही विद्यार्थी बस पकडून माद्रिदला मिरवणूक बघायला गेलो. उघड्या बसवरून खेळाडू, खाली लोकांचा पूर. उन्हाने माणसं करपत होती, तर वरच्या मजल्यांवरच्या बायका बादल्यांनी पाणी ओतत होत्या आणि गर्दी “आणखी, आणखी” ओरडत होती. २००७ मध्ये धोनीचा संघ ट्वेन्टी-ट्वेन्टीचा कप घेऊन मुंबई विमानतळावरून वानखेडेला असाच उघड्या बसमधून गेला होता. गर्दी सगळीकडची सारखीच. खेळाडू मात्र मला दिसले ते मिरीइतके. ज्याला मी इनिएस्ता समजून हात हलवला तो बहुधा संघाचा फिजिओ असावा.

बुधवारी मुलगा पुन्हा रोजगार कार्यालयाच्या रांगेत गेला. चिनी दुकानात झेंडे एका युरोला आले.

पुढल्या वर्षी २ एप्रिलला वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला. त्या रात्री फर्ग्युसन रस्त्यावर माझं काय झालं ते इथे सांगत बसत नाही; घरी पोचले तेव्हा आवाज गेलेला होता आणि डोळे सुजलेले. त्याच अवस्थेत सालामांकाला मेल टाकली, की आम्हीही जिंकलो, अठ्ठावीस वर्षांनी, सहा विकेट्सनी. दोन दिवसांनी मुलाचं उत्तर आलं. त्याने वडिलांना वाचून दाखवलं होतं. घरी सगळ्यांना फार आनंद झाला, पण पप्पा म्हणतात, अंतिम सामना सहा-शून्यने जिंकल्यावर रडण्यासारखं काय आहे?