ऑस्टरफील्डच्या नोंदवहीतील एक ओळ

इंग्लंडमधील डॉनकास्टरहून बॉट्रीमार्गे ऑस्टरफील्डला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्या आणि पुढे प्लिमथ वसाहतीचा अनेक वर्षे गव्हर्नर राहिलेल्या विल्यम ब्रॅडफर्डचे हे जन्मगाव. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची नोंद सापडली, तेव्हापासून मला वंशावळींची ओढ आहे. तीच मला इथवर घेऊन आली.

सेंट हेलेना चर्चच्या नॉर्मन काळातील दारावर, कमानीखाली, दगडात ड्रॅगन कोरला आहे. याच चर्चच्या नोंदवहीत ब्रॅडफर्डच्या बाप्तिस्म्याची ओळ आहे आणि तिची प्रत मी सोबत नेली होती. इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील परिसराने, अशी वही ठेवावी, असा हुकूम १५३८ साली निघाला होता. तो निघाला नसता तर शेतकऱ्याच्या या मुलाचा माग आज लागला असता का, याची मला शंका आहे. नोंदीत आडनाव ‘ब्रॅडफोर्थ’च्या वळणाने लिहिले आहे आणि तारीख आहे १९ मार्च १५८९. इथेच नवखा शोधक चुकतो. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे आजच्या गणनेने ते वर्ष १५९० ठरते. जुलै १५९१ मध्ये वडिलांचे दफन झाले, तेव्हा मूल सव्वादोन वर्षांचे नव्हे, तर अवघ्या सोळा महिन्यांचे होते, हे त्यावरून कळते. आजोबा, वडील आणि मुलगा या तिघांचेही नाव विल्यमच असल्याने प्रत्येक नोंद पुन्हा पुन्हा ताडून पाहावी लागते.

आईने पुनर्विवाह केला. पुढे आजोबा वारले, मग आईही गेली आणि सात वर्षांच्या पोरक्या मुलाला काकांनी सांभाळले.

चर्चमधून निघून मी स्क्रूबीपर्यंत चालत गेलो. तिथल्या वाड्यात टपालप्रमुख विल्यम ब्रूस्टर राहत असे आणि त्याच्याकडे जमणाऱ्या धर्मनिष्ठांमध्ये तरुण ब्रॅडफर्डही असे. वाड्याचा आता थोडाच भाग उरला आहे. इथून ही माणसे हॉलंडला गेली आणि तिथून अमेरिकेला.

त्यांनी वस्ती केली ती वाम्पानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या पटुक्सेट या गावाच्या जागेवर. १६१६ ते १६१९ दरम्यानच्या साथीत ते गाव ओस पडले होते. ब्रॅडफर्डच्या आजोबांपर्यंतचा माग कागदावर लागतो. पटुक्सेटमध्ये मेलेल्यांची नावे मात्र अशा कुठल्याच वहीत उतरली नाहीत. परतीच्या वाटेवर हातातील प्रतीपेक्षा त्या न लिहिलेल्या नावांचाच विचार मनात अधिक होता.